पुंजाआण्णा पुढच्या सीटवर

मुकुंदवाडीच्या पुंजाआण्णांना मोटरसायकल चालवता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. कारण मोटरसायकलवर नसलेले आण्णा फारसे कुणी पाहिले नव्हते. तीस वर्षं ते गाडीवरच होते, फक्त मागच्या सीटवर.

आण्णांचं काम सोयरिकी जुळवण्याचं. त्याला धंदा म्हणता येत नव्हतं, कारण ते दमडी घेत नसत. लग्नात एक फेटा, आणि पहिल्या पंगतीत बसायला जागा, एवढ्यावर खूश. मान मात्र मोठा होता, आणि त्या मानाची रीत अशी की मध्यस्थानं स्वतःहून जायचं नसतं, त्याला न्यायला यायचं असतं. ज्याला पोरीसाठी स्थळ पाहायचं असेल त्यानं सकाळी गाडी घेऊन आण्णांच्या दारात हजर व्हायचं, चहा होईपर्यंत ओट्यावर बसायचं, आणि आण्णा वही बगलेत धरून मागं बसले की किक मारायची. गंगापूर, फुलंब्री, पैठण, वैजापूर, सगळे तालुके आण्णांनी असे दुसऱ्याच्या खांद्यावरून बघितले होते.

बघितल्या त्या मुख्यतः पाठी. माणूस तोंडावर जे बोलत नाही ते गाडी चालवताना बोलतो, हा आण्णांचा अनुभव होता. नजर रस्त्यावर असते, मागच्याचं तोंड दिसत नाही, वारा निम्मे शब्द उडवून नेतो, त्यामुळं बोलणाऱ्याची भीड मोडते. नगर नाका ओलांडेपर्यंत माणूस पोरीचं खरं वय सांगून टाकायचा. वाळूज आलं की भावाच्या दारूवर यायचा. आणि डांबरी सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली की बायकोलाही न सांगितलेलं सांगायचा. आण्णा हूं हूं करत राहायचे आणि घरी येऊन वहीत उतरवून ठेवायचे. वहीच्या एका अंगानं पोरं, दुसऱ्या अंगानं पोरी. जमीन किती, विहीर आहे का, मोटर किती हॉर्सपॉवरची, घराला स्लॅब की पत्रे, नोकरी परमनंट की टेंपरवारी, व्यसन. प्रत्येकाला एक ओळ, आणि गावानं सांगितल्याच्या निम्मं धरायचं, हा ठरलेला हिशोब.

आता ऐकलेलं सगळं पोटात ठेवलं तर तो मध्यस्थ कसला. आज याच्या पाठीमागं बसून ऐकलेलं उद्या त्याच्या पाठीमागं बसून सांगायचं, यातूनच तर सोयरिकी जमायच्या. क्वचित मोडायच्याही. त्याला आण्णांचा इलाज नव्हता.

इलाज नव्हता, तो त्यांची स्वतःची पोर लग्नाची होईपर्यंत.

आशा सव्वीस वर्षांची झाली होती. एका खाजगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. तिच्यासाठी आण्णांनी आधी फुलंब्रीकडचं एक मास्तरचं स्थळ हेरलं आणि जुने दोस्त काकासाहेब यांच्या गाडीवर मागं बसून ते पाहून आले. वाटेत मन मोकळं केलं, पोरगा किती चांगला आहे ते तपशिलात सांगितलं. महिन्याभरात त्या मास्तरला हळद लागली ती काकासाहेबांच्या भाचीशी. आण्णांनी त्या लग्नात फेटा बांधून घेतला आणि पहिल्या पंगतीत जेवले. दुसऱ्या वेळी पुतण्याच्या गाडीवर पैठणकडं गेले. आण्णा घरी पोचायच्या आत मुकुंदवाडीला खबर लागली, आणि कुणीतरी पोराकडच्यांना कळवलं की पोरगी चोवीसची नाही, सव्वीसची आहे. आण्णांना रागावताही येईना. दोन्ही वेळा लोकांनी नेमकं तेच केलं होतं जे आण्णा तीस वर्षं करत आले होते.

आवडाबाई, म्हणजे आण्णांची मालकीण, ताट वाढता वाढता एवढंच म्हणाली, "गावाच्या पोरी उजवल्या तुम्ही. घरातली तेवढी वहीत लिहायची राहिली."

तिसरं स्थळ आवडाबाईच्या बहिणीनं चिठ्ठीतून कळवलं. गंगापूर तालुक्यात भोकरवाडी, पोराचं नाव बद्रीनाथ, वय एकोणतीस, वाळूजला कंपनीत परमनंट, घरची थोडी शेती, बाप नाही, आई आहे. चिठ्ठी वाचून आण्णांनी ती चुलीत घातली आणि ठरवलं की या खेपेला चौकशीला जायचं ते एकट्यानं. पुढं कुणाची पाठ नको.

पण जायचं कसं? एस.टी. फाट्यावर सोडणार, तिथून चार किलोमीटर आत. घाम पुसत पायी आलेला पोरीचा बाप म्हणजे किती नडलेला आहे हे गावाला वेशीतूनच दिसणार. जीपमध्ये चौदा माणसं, अधिक ड्रायव्हर, म्हणजे पंधरा तोंडं. राहता राहिली मोटरसायकल. ती घरात होतीच. आण्णांचा मेहुणा पुण्याला कामाला गेला तेव्हा आपली राजदूत त्यांच्या गोठ्यात पोत्यांखाली झाकून ठेवून गेला होता. दोन वर्षांत तिच्यावर कोंबडी सोडून कुणी बसलं नव्हतं.

शिकवायला आण्णांनी निवडला शहागंजचा मिस्त्री चाँदभाई. निवडीमागं विचार होता. चाँदभाई हुशार होता हे एक, पण त्याच्या घरात ना कुणाची पोर यांच्यात द्यायची होती, ना यांच्यातली करायची होती. बातमी त्याच्यापाशी गेली तरी तिथंच पडून राहणार.

आमखास मैदानावर सकाळी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी चाँदभाईनं गाडी चालू करून दिली आणि म्हणाला, बैठो. आण्णा सवयीनं मागं बसले. मग चाँदभाई म्हणाला, "आण्णा, आज मैं मेहमान. तुम आगे."

पुढं बसल्यावर दुसरीच अडचण निघाली. आण्णांना गप्प बसून प्रवास करता येत नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आली की ते मान वळवून मागं बसलेल्या चाँदभाईला त्याच्या घरची हालहवाल विचारायचे, आणि मान जिकडं वळली तिकडं गाडी जायची. तिसऱ्या वेळी दोघं एका हातगाडीच्या चाकाशी जाऊन थांबले तेव्हा चाँदभाई म्हणाला, "मेरेकू कायकू देखरे? मेरी शादी हुई वी है."

क्लच, गिअर, ब्रेक हे आण्णांनी आठवड्यात आत्मसात केलं. हात जड नव्हता, तोल चांगला होता. तीस वर्षं मागं बसून तोल सांभाळायला ते शिकले होतेच. खरी पीडा वेगळी होती. आण्णा थांबण्याआधीच उतरायचे. मागच्या सीटवरच्या माणसाची रीतच तशी असते. दार जवळ आलं, गाडी मंदावली, की चालवणारा जागा बघेपर्यंत त्यानं पाय टेकून उतरायचं, पायजमा झटकायचा, टोपी सारखी करायची आणि यजमानाकडं बघून रामराम घालायचा. हे आण्णांच्या पायांत इतकं मुरलं होतं की गाडी हळू झाली की डोक्याला न विचारता पाय उतरायचे. आण्णा पायजमा झटकत उभे, आणि राजदूत एकटीच पुढं पाच-दहा पावलं जाऊन आडवी होतेय, असं मैदानावर रोज होऊ लागलं. फिरायला येणारी म्हातारी मंडळी ते बघायला थांबायची.

"आण्णा," चाँदभाई गाडी उचलत म्हणायचा, "तुम उतरे तो गाडी कौन रोकताय? उसकू तो मालूम बी नै के तुम उतर गये."

शेवटी त्यानं आण्णांचा डावा पाय सुतळीनं गाडीला बांधला. दोन दिवस बांधूनच चालवायला लावली. तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली तरी पाय जागचा हलला नाही. एकोणिसाव्या दिवशी चाँदभाईनं जाहीर केलं की आता तुम्ही जाऊ शकता, फक्त ज्याला बघायला जाताय त्याच्या दारात उतरताना आधी खाली बघा.

या सगळ्यात सायलेन्सरनं पोटरी भाजली, कोपर सोललं, एका बोटाचं नख गेलं. घरी सांगायला आण्णांनी दर खेपेला नवीन कारण तयार ठेवलं होतं. आवडाबाईनं हळद लावली आणि एकही कारण विचारलं नाही. तिला सगळं माहीत असलं की ती काही विचारत नसे.

मंगळवारी सकाळी आण्णा निघाले. डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. क्रांती चौकात सिग्नल लागला नाही हे नशीब. नगर नाक्यावर ओळखीचा एक माणूस हात करत रस्त्यात आला. आण्णांनी त्याला बघून न बघितल्यासारखं केलं. तसंही त्यांना थांबायचं कुठं हे आधी ठरवावं लागायचं, आयत्या वेळी जमत नसे. वाळूजपर्यंत त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पुढं कुणी बोलत नव्हतं. वाळूजनंतर ते स्वतःच बोलू लागले, आशाचं खरं वय, मोडलेली दोन स्थळं, आवडाबाईचे टोमणे, सगळं एका दमात. ऐकणारं कुणी नव्हतं तरी बरं वाटलं.

फाट्यावरून आत वळले तेव्हा दहा वाजून गेले असतील. आता इथं एक गोष्ट आण्णांना माहीत नव्हती, आणि ती माहीत असायचं काही कारणही नव्हतं, कारण ते या भागात कधी एकटे आलेच नव्हते. मोटरसायकलवर टोपीवाले दोघं आले की कुठलंही गाव समजतं, पाहुणे आले, स्थळ बघायला आले. पण पिशवी लटकवलेला एकटा माणूस गाडीवर आला, तर तो पाहुणा नसतो. तो लाइटीच्या ऑफिसचा असतो.

भोकरवाडीत पाचसहा घरं सोडली तर मीटर कुणाकडं नव्हतं. रस्त्याच्या कडेनं खांबावरून तार गेली होती आणि ज्याला त्याला लागेल तसा बांबूनं तारेवर आकडा टाकला की घरात उजेड पडायचा, पंखा फिरायचा, टीव्ही लागायचा. राजदूतचा आवाज वेशीत ऐकू आला तशी सांडूची पिठाची चक्की थांबली. एका घरातलं गाणं मध्येच तुटलं. घराघराच्या मागं बांबू वर गेले आणि आकडे खाली आले. आण्णांचं लक्ष कोंबड्यांकडं आणि खड्ड्यांकडं होतं. त्यांनी लिंबाखाली गाडी थांबवली, पूर्ण थांबवली, मग उतरले, स्टँड लावला, आणि पिशवीतून वही काढली. वही बघून उरलीसुरली शंकाही फिटली.

सांडू पिठानं पांढरा झालेला तसाच पुढं आला. त्याच्यासोबत भागूबाई नावाची म्हातारी, आणि मागं आठदहा जण. रामराम झाला. आण्णांनी विचारलं, बद्रीनाथचं घर कोणतं?

"कोणता बद्रीनाथ?" सांडू म्हणाला.

"वाळूजला कंपनीत जातो तो."

सांडूनं सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांनी सांडूकडं बघितलं. मग असं ठरल्यासारखं दिसलं की बद्रीनाथ नावाचा माणूस होता, पण हल्ली इकडं नसतो. आण्णांना हे चिठ्ठीशी जुळेना. त्यांनी आपल्या नेहमीच्या रांगेनं सुरुवात केली. जमीन किती? जमीन नावाला. विहीर?

"विहीर बुजली," भागूबाई म्हणाली.

"आणि मोटर? किती हॉर्सपॉवरची?"

"कुठली आली मोटर, सायेब. पोहऱ्यानं पाणी शेंदतंय बिचारं."

"विहीर बुजली ना?"

भागूबाईनं क्षणभर विचार केला. "आता शेंदायचं बंद केलं, म्हून तर बुजली."

आण्णांनी लिहून घेतलं. घरात टीव्ही, पंखा, काही? टीव्हीचं नाव ऐकून मागचे एकदोघं हसण्याचा प्रयत्न करून गेले. भागूबाईनं पदर डोळ्यांना लावला. चिमणीच्या उजेडात बसतंय, सायेब, दिस मावळला की. डोळे गेले त्याचे पार. आण्णांनी लिहिलं, डोळ्यांत दोष.

लिहिता लिहिता त्यांचं मन बसत चाललं. तीस वर्षांत कुठल्याच गावानं लग्नाच्या पोराबद्दल वाईट बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. लंगड्याला गाव म्हणतं, जरा बेतानं चालतो. दारुड्याला म्हणतं, माणसांत बसतो. म्हणून तर सांगितल्याच्या निम्मं धरायचा हिशोब. इथं निम्मं करायला मुळात काही नव्हतंच. एकोणीस दिवस पोटरी भाजून घेऊन, पाय बांधून घेऊन ते ज्या पोराला बघायला आले होते त्याच्याकडं विहीर नाही, मोटर नाही, उजेड नाही आणि धड डोळेही नाहीत.

त्यांनी वही मिटली. मग एवढं पेट्रोल जाळून आलोच आहोत तर वहीतली दुसरी एक ओळ पडताळावी म्हणून सहज विचारलं. भोकरवाडीच्या तात्यासाहेबांचा थोरला पोरगा मागच्याच वर्षी वहीत आला होता. गंगापूरच्या बाजारात याच गावच्या चौघांनी शपथेवर सांगितलं होतं, माणसं देवासारखी, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही.

"बरं, तात्यासाहेबांकडं कशी काय परिस्थिती?"

मंडळींत एकदम जीव आला. सांडू दोन पावलं जवळ सरकला. "दोन मोटरी. धा-धाच्या. गोठ्यामागच्या खांबावर. चला, दावतो."

"आन् पाणी तापवायची शेगडी," भागूबाई म्हणाली. "शेगडी लिव्हा. मोठी हाये."

एका म्हाताऱ्यानं चपला घातल्यासुद्धा, सायबांची वाट चुकू नये म्हणून. आण्णांनी हळूच विचारलं, थोरला पोरगा काय करतो? काय करणार, सांडू म्हणाला, दिवसभर गंगापुरात पत्ते कुटतो आणि संध्याकाळी दोघांनी धरून आणावा लागतो.

आण्णांनी पहिल्यांदाच मान वर करून नीट बघितलं. तार बघितली. घराघराला टेकवून ठेवलेले एकाच मापाचे बांबू बघितले. भागूबाईच्या पाठीमागं, तिनं मघापासून एका हातानं धरून ठेवलेला बांबूही दिसला. मग त्यांनी आपल्या खांद्यावरची पिशवी बघितली, हातातली वही बघितली, आणि आपण विचारलेले प्रश्न एकेक करून आठवले. विहीर. मोटर. किती हॉर्सपॉवर. टीव्ही, पंखा.

आण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं आणि आधी हिशोब केला. लग्नाची चौकशी आली की गाव कुणासाठीही खोटं बोलतं. त्यात कुणाचं काही जात नाही, झालं तर एक जेवण मिळतं. पण सरकारी माणसापुढं? तिथं तात्यासाहेबांसारख्याला लोक बोट धरून दाखवून देतात, वर शेगडी लिहायला लावतात. ज्याच्यासाठी एवढी माणसं पीडा अंगावर ओढवून घेतात, विहिरी बुजवतात, पोहरे आणतात, डोळ्यांत पाणी काढतात, तो पोरगा काहीतरी आहे. वहीच्या कुठल्याच रकान्यात हे धरलं जात नव्हतं.

तेवढ्यात लोकांना बाजूला करत एक लुंगी-बनियनमधला तरुण आला. रात्रपाळी करून झोपला होता, डोळे लाल होते, पण आण्णांना ते चांगले शाबूत दिसले.

"सायेब, वहीत एकट्याचं नाव लिव्हा," तो म्हणाला. "बद्रीनाथ. समदे आकडे मीच टाकून दिलेत. ह्यांना टाकता येत नाय, हात पोळून घेतील."

"झोपंत बोलतंय ते, सायेब," भागूबाई घाईनं म्हणाली.

म्हणजे गावाच्या मायेमागं गावाचा पंखाही होता तर. आण्णांनी हेही हिशोबात धरलं आणि तरी बाकी चांगलीच उरली. आता सवाल त्यांचा होता. सरकारी माणूस म्हणूनच गप निघून जावं, मागाहून कुणाकरवी बोलणं लावावं, म्हणजे गुपित शाबूत राहील. नाहीतर इथंच सांगून टाकावं, दहाबारा जणांच्या देखत. पोरगा तर दहाबारा जणांच्या देखत गुन्हा कबूल करून उभा होता.

"मी लाइटीचा नाय," आण्णा म्हणाले. "मुकुंदवाडीचा हाये. मला एक पोरगी हाये."

मग सांडूनं अंगावरचं पीठ झटकलं आणि सगळे एकदम बोलू लागले. आण्णा, बसा की. पाणी आणा रे. पोरगं म्हणजे सोनं. जमीन? अहो, काळी, कसदार. विहीर? बारमाही पाणी.

"बुजली म्हणाला होतात, मावशी."

"उकरली," भागूबाई म्हणाली.

बद्रीनाथ मात्र कानशिलापर्यंत तांबडा झाला होता. तिथून सुटका करून घ्यायला म्हणून, किंवा दळण खोळंबलं म्हणून, त्यानं भागूबाईच्या हातातला बांबू घेतला आणि चक्कीच्या मागं गेला. आण्णा त्याच्या मागं गेले. तो तार बांबूला अडकवत होता, आण्णांनी वेटोळं धरलं. आपण सरकारी तारेवरच्या चोरीला हातभार लावतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, पण जावयाशी एकट्यानं बोलायला दुसरी जागा गावात नव्हती.

"दारू?" आण्णांनी खालून विचारलं.

"नाय."

"पत्ते?"

"दिवाळीत."

"तंबाखू?"

पोरगा वर बघत राहिला. आकडा तारेला लागला, ठिणगी उडाली, पलीकडं चक्की धडधडू लागली. "हाये," तो म्हणाला. "दिसाला एक पुडी. रात्रपाळी असली तर दीड."

आण्णांच्या आयुष्यात स्वतःहून वरची अर्धी कबूल करणारा हा पहिला माणूस होता.

"आता मी विचारू का?" बद्रीनाथ म्हणाला. "पोरीला विचारून आलात?"

"कशाबद्दल?"

"ह्याच्याबद्दल. खेड्यात ऱ्हायचं. मी आठवडा आठवडा रात्री घरी नसतो. लाइट अशी. तिला चालंल का?"

आण्णांनी वही उघडली. का उघडली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जमीन, विहीर, मोटर, घर, नोकरी, व्यसन. पोरींच्या बाजूनं उघडली. वय, शिक्षण, रंग, उंची, भाऊ किती. शेकड्यानं ओळी होत्या, सगळ्या तीस वर्षांत जमवलेल्या, आणि पोरगा विचारत होता त्याला कुठं जागाच नव्हती.

"नाय विचारलं," ते म्हणाले.

"मग विचारून या. मला सोमवारी सुट्टी असती."

आण्णा परत निघाले ते वीस-पंचवीसच्या वेगानं. वाटेत गंगापूरची एस.टी. त्यांना मागं टाकून गेली. तिच्या खिडकीतून भोकरवाडीच्या दोघांनी ओळखीचा हात केला तेव्हा आण्णांना कळलं की गुपिताचं काय व्हायचं ते झालं. आणि तसंच झालं. मुकुंदवाडीत शिरतात तो काकासाहेब रस्त्यातच उभे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत थांबले आणि तोंड पाडून म्हणाले, पुंजाराम, ऐकलं ते खरं का? पोराच्या डोळ्यांत दोष आहे म्हणे. विहीरही बुजलीय.

आण्णांनी टोपी काढून घाम पुसला. "लोक म्हणतात खरं तसं," ते म्हणाले, आणि पुढं गेले. काकासाहेबांची अजून एक भाची लग्नाची होती.

आशा ओट्यावर पोरांच्या वह्या तपासत बसली होती. बापाला पुढच्या सीटवर बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. एवढंच म्हणाली की पोटरीला हळद नको, खोबरेल लावा. आण्णा तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, रांगेनं, निम्मं न करता. विहीर आहे, शेती थोडी आहे, आकडे आहेत, आठवड्याआड रात्रपाळी, एक पुडी, कधी दीड. आणि तो तुला विचारून या म्हणाला, हेही. त्यानंतर काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आशानं आणखी दोन वह्यांवर बरोबरच्या खुणा केल्या. तिसऱ्या वहीत एक चूक दुरुस्त केली.

"सोमवारी येऊ द्या," ती म्हणाली. "तंबाखू सोडणार असला तर बघते."

"आन् आकड्याचं?"

"आकड्याचं माझं काही म्हणणं नाही," आशा म्हणाली, आणि पुढची वही ओढून घेतली.